शेल क्रीक डोंगररांगेतली एल्कची शिकार: मांसापासून मागे मोजत केलेलं नियोजन

हे प्रकरण नेवाडा राज्याच्या पूर्व भागातलं आहे. व्हाइट पाइन काउंटी, ईली गावाच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण पसरलेली शेल क्रीक डोंगररांग, ऑगस्टचा शेवट आणि धनुष्यबाणाचा हंगाम. एका शिकाऱ्याकडे नर एल्कचा (एल्क म्हणजे मोठ्या जातीचं हरीण) टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, आहे आणि सोबत दोन मदतनीस. माणसं आणि घटनाक्रम नमुन्यादाखल घेतलेत. डोंगर, हवा, नियम आणि वजनांचे हिशेब मात्र तिथलेच आहेत.

शिकारीचा बेत आखताना बहुतेक जण जनावर कुठे सापडेल इथून सुरुवात करतात. उंचावरच्या या कोरड्या मुलखात ते चुकतं. शंभर किलो मांस बारा-चौदा तासांच्या आत सावलीत, आणि त्यानंतर बर्फात, कसं पोहोचणार, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर नकाशावर आखलं की कुठे शिकार करायची आणि कुठे नाही हे जवळजवळ आपोआप ठरतं.

मुलूख आणि जनावर

ईली समुद्रसपाटीपासून सुमारे 1,960 मीटरवर आहे. नॉर्थ शेल पीक 3,622 मीटर. पश्चिमेला स्टेप्टो व्हॅली, पूर्वेला स्प्रिंग व्हॅली. इथे पडलेलं पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही, खोऱ्यातच जिरतं किंवा उडून जातं. डोंगरात चुनखडी भरपूर, त्यामुळे वर वाहताना दिसलेला ओढा अर्ध्या किलोमीटरवर जमिनीत गडप होतो. नकाशावर निळी रेघ आहे म्हणून तिथे पाणी असेल असं धरून चालणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक.

खाली सेजब्रशची माळरानं, त्यावर पिन्यन पाइन आणि ज्युनिपर, त्याच्या वर माउंटन महोगनीची दाट झुडपं, मग अस्पेनचे पुंजके आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर व्हाइट फर. उन्हाळ्यात नर एल्क दिवसा या फरच्या गारव्यात बसतात. तिन्हीसांजेला अस्पेनच्या कडेला गवतावर उतरतात आणि पाण्याला येतात. या काउंटीत 1932 मध्ये यलोस्टोनहून एल्क आणून सोडले होते. आज इथल्या नरांच्या शिंगांसाठी लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात.

ऑगस्टअखेर म्हणजे शिंगांवरची मखमल नुकतीच उतरलेली, पण माज अजून अंगात भिनलेला नाही. नर अजून तीन-चारच्या टोळीत असतात. सप्टेंबरच्या मध्यावर जी लांब शीळ डोंगरभर घुमते ती या दिवसांत तुरळक ऐकू येते. त्यामुळे हाक मारून नर बोलावण्यावर बेत उभा करू नये. मादीची एखादी हलकी हाक चालते, जास्त केली तर टोळी सावध होते. या दिवसांत शिकार होते ती पाणी, चारा आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या वाटेवर.

टॅग आणि कायदा

टॅग सोडतीने मिळतो. अर्ज वसंतात, निकाल साधारण मेअखेर. टॅग न लागलेल्या प्रत्येक वर्षाचा एक बोनस पॉइंट जमतो आणि सोडतीत त्याचा वर्ग होतो. म्हणजे 5 पॉइंट असतील तर 25, आणि चालू अर्जाचा 1 धरून 26 आकडे तुमच्या नावावर पडतात. या प्रकरणातला टॅग शिकारीच्या 111 ते 115 क्रमांकाच्या विभागांच्या गटातला. 1 जानेवारी 1960 नंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो अर्जाच्या आधीच हाती हवा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. एच-1बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकार परवाना जवळ असणं हा त्या मनाईला असलेला अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. धनुष्य या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, म्हणून धनुष्याच्या हंगामाला ही अडचण येत नाही. बंदूक घेऊन जाणार असाल तर परवाना हातात पडण्याआधी मित्राची रायफलसुद्धा उचलू नका आणि वकिलाला एकदा विचारून घ्या. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथे प्रत्येक गटाचे टॅग राज्याचं वन्यजीव खातं कळपांच्या मोजणीवरून दरवर्षी ठरवतं. हा फरक घरच्यांना सांगायची वेळ येतेच.

नेवाडाचे आणखी तीन नियम थेट बेतावर परिणाम करतात. सार्वजनिक जमिनीवर 1 ऑगस्ट ते 31 डिसेंबर ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावता येत नाही, आणि फोटो पाठवणारा कॅमेरा तर 1 जुलैपासूनच बंद. पाणवठ्यापासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या, आत जनावरांची वाट अडेल असा मुक्काम करता येत नाही. आणि या रांगेचा मोठा भाग 2006 पासून हाय शेल्स वाइल्डरनेस म्हणून राखीव आहे. तिथे मोटार, सायकल तर नाहीच, पण मांस ओढायची दोन चाकी गाडीसुद्धा नेता येत नाही. मांस पाठीवर किंवा घोड्या-खेचरावरच यायला हवं. हा तिसरा नियम कळला की बाकी सगळं गणित बदलतं.

मागे मोजलेलं गणित

प्रौढ नर एल्क जिवंतपणी साधारण 300 किलो. हाडं काढून मांस सुमारे 100 किलो. त्याची फोड अशी धरली: मागची मांडी प्रत्येकी 25 किलो, पुढचा फरा प्रत्येकी 16, पाठीचे दोन्ही पट्टे, आतलं मऊ मांस, मान आणि बरगड्यांमधलं मिळून 18. कवटीच्या तुकड्यासकट शिंगं 12 किलो. एकूण 112.

अवघड उतारावर 27-28 किलोपेक्षा जास्त ओझं दिलं की गुडघा किंवा घोटा जातो. म्हणजे 4 ओझी. एकटा माणूस 4 ओझ्यांसाठी 4 वेळा उतरणार आणि मध्ये 3 वेळा परत चढणार. वाट 4 किलोमीटरची असेल तर 28 किलोमीटर, बहुतेक दीड दिवस. ऑगस्टमध्ये दुपारी ईलीत पारा 30 च्या आसपास असतो, त्यामुळे शेवटच्या फेरीतल्या मांसाची खात्री देता येत नाही. तिघं असतील तर पहिल्या फेरीत 3 ओझी उतरतात आणि उरलेलं एक ओझं वाटून घ्यायला दुसऱ्या फेरीला दोघंच लागतात. म्हणून इथे टॅग एकच असला तरी माणसं तीन ठरली.

त्यावरून नकाशावर एक रेषा आखली. गाडी जिथवर कायदेशीर जाते त्या जागेपासून चालत साडेचार किलोमीटर, आणि परतीच्या वाटेवर 100 मीटरपेक्षा जास्त चढ नको. या रेषेपलीकडे कितीही मोठा नर उभा असला तरी बाण सोडायचा नाही. रेषा आखताना सरळ अंतर धरून चालत नाही. महोगनीच्या झुडपातून ओझं घेऊन जाताना एक किलोमीटरला तास लागतो आणि फांद्या पिशव्या फाडतात. म्हणून जुलैमध्ये उतरायच्या दोन सोंडा प्रत्यक्ष चालून बघितल्या आणि मोकळी वाट जीपीएसवर नोंदवली. त्यातली एक सोंड शेवटी कड्यावर संपते. कागदावर ती जवळची वाटत होती.

जुलै: पाण्याची झडती

नकाशावर रेषेच्या आत 11 झरे दाखवले होते. तीन दिवसांत प्रत्येक झऱ्यावर पाऊल ठेवलं. पाणी 5 ठिकाणी होतं. त्यातल्या दोन ठिकाणी पाणी पाइपने गुरांच्या हौदात सोडलेलं होतं. गुरं दुसऱ्या कुरणात हलवली की पशुपालक तो नळ बंद करतो आणि जुलैत तुडुंब असलेला हौद हंगामात कोरडा मिळतो. म्हणून ते दोन्ही यादीतून कमी केले. तिसऱ्यावर मोकाट घोड्यांचा ताबा होता: तुडवलेला चिखल, जुन्या लिदीचे ढीग. घोडे हटेपर्यंत एल्क लांब थांबून राहतात आणि बहुधा अंधारातच येतात. उरले दोन. शिवाय वन्यजीव खात्याने बांधलेली पावसाचं पाणी साठवणारी एक टाकी. अशा टाक्यांची ठिकाणं खात्याकडून मिळतात, पण टाकीत पाणी आहे का ते वाकूनच बघावं लागतं.

पाणवठ्यावर खूर मोजत बसण्यापेक्षा त्यांची दिशा बघितली. नराचा खूर मादीपेक्षा रुंद आणि पुढून बोथट. पाण्याकडे येणाऱ्या खुणा एकाच घळीतून उतरत होत्या, जाताना मात्र पांगत होत्या. म्हणजे वर बसायची जागा एक आणि चरायच्या जागा अनेक. एक साधा कॅमेरा तीन आठवडे लावला आणि 29 जुलैला काढून आणला. त्यात चार नर दिसले, त्यातले तीन मोठे. सगळे अंधार पडल्यावर आलेले. या वेळेचा अर्थ तेव्हा कुणी नीट लावला नाही. तो पुढे येतोच.

दुर्बिणीच्या कामात एक गोष्ट लोक विसरतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर सूर्य आधी येतो, तिथले एल्क सव्वासातच्या आत झाडीत शिरतात. पश्चिमेचे उतार बराच वेळ सावलीत राहतात, तिथे आठ-साडेआठपर्यंत चरणारं जनावर दिसू शकतं. म्हणून धारेवर अशी जागा घेतली की पहाटे पूर्वेचा उतार आणि नंतर वळून पश्चिमेचा उतार, दोन्ही बघता येतील. दहा पटीची 10x42 दुर्बीण हातात, पंधरा पटीची 15x56 तिकाटण्यावर. तिकाटण्याशिवाय 15 पटीच्या दुर्बिणीचा उपयोग नाही, हाताच्या थरथरीत कान आणि फांदी सारखेच दिसतात.

मुक्काम आणि सामान

मुक्काम 2,330 मीटरवर ज्युनिपरमध्ये टाकला, जवळच्या झऱ्यापासून सव्वा किलोमीटरवर. तीन माणसं, 9 दिवस, माणशी रोज 8 लिटर असे 216 लिटर पाणी, म्हणजे 20 लिटरचे 11 डबे. डोंगरातलं पाणी पिण्यासाठी धरलंच नाही. तो झरा जनावरांसाठी राहू द्यायचा, आणि गाळायला बसलेला माणूस तिथे वास सोडतो. ऑगस्टमध्ये वणव्याच्या धोक्यामुळे उघड्या शेकोटीवर बहुधा बंदी असते, म्हणून बंद करता येणाऱ्या झडपेचा गॅसचा स्टोव्ह. फोन लागत नाही, तेव्हा उपग्रह संदेशयंत्र. रस्त्यावरचा धारदार दगड टायर कापतो, दोन स्टेपनी नेल्या. लास वेगास किंवा सॉल्ट लेक सिटीकडून येणाऱ्यांना ईली साधारण 385-390 किलोमीटर पडतं. लास वेगास 600 मीटरच्या आसपास असल्याने आल्या दिवशी 2,700 मीटरवर ओझं घेऊन चढू नये. एक रात्र ईलीत, एक रात्र मुक्कामावर, मग चढ.

मांसासाठी 110 लिटरच्या तीन बर्फपेट्या. त्यात घरीच गोठवलेले 4 लिटरचे 12 कॅन. मोठा गोळा बर्फ सुट्या तुकड्यांपेक्षा कितीतरी हळू वितळतो, आणि कॅनमधलं पाणी बाहेर येत नसल्यामुळे मांस भिजत नाही. पेट्या गाडीत ठेवायच्या नाहीत, ज्युनिपरच्या सावलीत ब्लँकेट टाकून. मांसाच्या 8 पिशव्या, हवा खेळती राहील अशा कापडाच्या. प्लॅस्टिकची पिशवी एकही नाही, कारण तिच्यात उष्णता आणि ओल कोंडते आणि एवढ्याने मांस आंबतं. बदलत्या पात्याच्या दोन सुऱ्या आणि एक साधी जाड सुरी, 15 मीटर दोरी, रबरी हातमोजे, माशांसाठी सायट्रिक आम्लाचं पाणी (लिटरला साधारण 60 ग्रॅम). प्रत्येकाला डोक्याचे दोन दिवे.

बाणाचं वजन 450 ग्रेन (सुमारे 29 ग्रॅम), धनुष्य ओढायला 60 पाउंड जोर लागणारं, बाणाच्या टोकाचं पातं स्थिर, लागल्यावर न उघडणारं. मर्यादा 35 मीटर. सरावात 50 मीटरवर बाण लागत होते, पण पाठीवर पिशवी घेऊन 300 मीटर चढून आल्यावर धाप लागलेली असताना सोडलेले बाण 35 च्या पुढे पसरायला लागले. मर्यादा त्या सरावावरून ठरली.

पहिले दोन दिवस: वारा

झरा पूर्वेच्या उतारावर, घळीच्या तळाशी. वर 400 मीटरवर फरचा दाट पट्टा, तिथे नर बसलेले. झऱ्याच्या खालच्या अंगाला 25 मीटरवर लपण. कागदावर निर्दोष. शिकारी दुपारी एकला जाऊन बसला आणि अंधार पडेपर्यंत एकही एल्क आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मात्र चिखलात ताजे खूर.

कारण हवेत आहे. सूर्य उताराला तापवतो तोवर हवा चढत राहते. सकाळी नऊच्या सुमारास ती वर वळते आणि उतार सावलीत जाईपर्यंत वरच जाते. एकला बसलेल्या माणसाचा वास चार-साडेचार तास थेट वर बसलेल्या नरांकडे जात होता. पळून जाण्याइतका तो जवळचा नव्हता, म्हणून ते तिथेच बसून राहिले आणि अंधारात उतरले. जुलैच्या कॅमेऱ्यातही ते अंधारातच आले होते, तिथेही माणसांच्या ये-जाचा वास राहिला असणार. पूर्वेच्या उतारावर सावली सूर्यास्ताच्या बरीच आधी येते. ऑगस्टअखेर ईलीत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास, पण ही घळ साडेपाचलाच सावलीत जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत हवा खाली वाहू लागते. लपणात शिरायची वेळ तीच. तोवर बाजूच्या सोंडेच्या पलीकडे थांबायचं. हातात पावडरची छोटी बाटली ठेवून दर काही मिनिटांनी चिमूट उडवली की वळण्याचा क्षण डोळ्याला दिसतो: धूर आधी वर जातो, मग जागीच घुटमळतो, मग हळूच ओढ्याच्या दिशेने सरकतो. घुटमळण्याच्या त्या दहा मिनिटांत हलू नये, कारण तेव्हा वास कुठेही जाऊ शकतो.

तिसरा दिवस: पाऊस

वेळेची चूक कळली त्याच दुपारी वादळ झालं. ऑगस्टमध्ये या रांगेवर दुपारची गडगडाटी वादळं नवी नाहीत. तासाभरात खडकांच्या खळग्यांत, जुन्या चाकोऱ्यांत, लोळणींत पाणी साचलं. ज्या कोरडेपणावर पाणवठ्याची शिकार उभी होती तोच संपला. आता एल्कला झऱ्यावर येण्याची गरज नव्हती, आणि हे तीन-चार दिवस तरी चालणार होतं. असं झाल्यावरही लपणात बसून राहणारे खूप असतात, कारण तिथे मेहनत गेलेली असते. इथे त्याच संध्याकाळी लपण सोडलं, हे योग्य झालं. वादळात धारेवर राहायचं नाही, विजेला तिथे सर्वांत उंच तुम्हीच असता. आणि चिखलाच्या रस्त्यावर गाडी घालायची नाही. इथली माती ओली झाली की चाकाला थरावर थर चिकटतात, एक रात्र थांबलं की तीच जमीन कडक होते.

चौथ्या आणि पाचव्या दिवशी फक्त दुर्बीण. चार नर उत्तरेकडच्या फरच्या एका लहान पट्ट्यात बसत होते, पहिल्या जागेपासून दीड किलोमीटरवर. संध्याकाळी ते एका बारीक सोंडेवरून अस्पेनच्या कडेला उतरत. दोन्ही दिवशी वाट तीच, वेळ साडेसहाच्या आसपास. जागा 2,740 मीटरवर, गाडीपासून चालायला 4.2 किलोमीटर, परतीत 60 मीटरचा एकच चढ. रेषेच्या आत. शेजारच्या खोऱ्यात एक आणखी मोठा नर दिसला होता, पण तो रेषेपलीकडे होता. त्याची चर्चा पाच मिनिटंही झाली नाही, कारण आकडे आधीच ठरलेले होते.

सहावा दिवस: बाण आणि वाट बघणं

संध्याकाळी 6:35. दुसरा नर 28 मीटरवर, आडवा. बाण सुटला त्याच क्षणी त्याने एक पाऊल पुढे टाकलं. बाण फुप्फुसांच्या मागे लागला आणि आरपार गेला. नर उधळला नाही. पाठ कमानीसारखी वाकवून चालत अस्पेनमध्ये शिरला. फुप्फुसावर लागलेला नर बहुधा धावत सुटतो आणि शंभर-दीडशे मीटरमध्ये पडतो. वाकून चालणं म्हणजे यकृत किंवा पोट.

पंधरा मिनिटं थांबून बाण शोधला. रक्त गडद लाल, फेस नाही, हिरवट काही नाही, आंबट वास नाही. यकृत. फुप्फुसासाठी अर्धा-पाऊण तास पुरतो, यकृतासाठी 4 ते 6 तास, पोटासाठी 8 ते 12. घाईने मागावर गेलं तर जखमी नर उठतो, दोन किलोमीटर जातो आणि रक्त सांडायचं थांबतं. मग तो सापडत नाही. या टप्प्यावर सर्वांत जास्त एल्क वाया जातात.

दुसऱ्या बाजूला मांस. सकाळपर्यंत थांबलं तर अकरा-बारा तास कातडीत कोंडलेली उष्णता. एल्कची कातडी आणि मानेवरचे केस इतके दाट असतात की बाहेर गारठा असला तरी मांडीच्या सांध्यापाशी मांस तासन्‌तास शरीराच्या तापमानाजवळ राहतं आणि हाडाकडून आंबायला लागतं. म्हणून मधला मार्ग: साडेचार तास थांबून रात्री अकराला माग. हवेचा अंदाज निरभ्र होता, रक्त धुऊन जाण्याची भीती नव्हती. पाऊस येणार असता तर तीन तासांवर जावं लागलं असतं. ढग असते आणि रात्र उबदार असती तरी तेच.

धनुष्य मुक्कामावर ठेवलं. दिव्याच्या उजेडात शिकार करणं गुन्हा आहे, आणि रात्री दिवा व धनुष्य एकत्र दिसलं तर वनरक्षकाला समजावून सांगायची वेळ येते. नर जिवंत दिसला तर आवाज न करता मागे फिरून उजाडल्यावर यायचं, हे आधीच ठरलेलं. एक जण शेवटच्या रक्तावर उभा, दुसरा पुढचं शोधतो, तिसरा जीपीएसवर खूण करतो. 11:40 ला 140 मीटरवर नर सापडला, मेलेला, उजव्या कुशीवर. टॅगची नोंद तिथल्या तिथे.

रात्र आणि उतरण

पोट न फाडता काम करायची पद्धत वापरली. वरच्या बाजूची कातडी पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत चिरून खाली सोलायची. केसांवर सुरी चालवली की ती लगेच बोथट होते, म्हणून पातं कातडीच्या आतून वर धार करून चालवायचं. फरा आधी: त्याला खुबा नसतो, नुसत्या मांसाने तो धडाला धरलेला असतो, वर उचलून धरला की सुरी सहज फिरते. मग मांडी, कटीच्या हाडाला चिकटून. खुब्याचा गोळा उघडा पडला की आतली वाफ बाहेर येते. पाठीचा पट्टा, मान, बरगड्यांमधलं. मग जनावर उलटवून दुसरी बाजू. कण्याच्या आतलं मऊ मांस शेवटच्या बरगडीमागून, आतडी हाताने दाबून धरून काढायचं. नेवाडाच्या नियमाप्रमाणे खाण्याजोगं मांस सोडून देणं गुन्हा आहे आणि शिंगं घेऊन मांस टाकणाऱ्याला या मुलखात कुणी मान देत नाही. मणका आणि मेंदू तिथेच राहिला. शेजारच्या यूटामध्ये हरणांना होणारा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा जीवघेणा रोग आहे, म्हणून हातमोजे आणि चाचणीसाठी गळ्याच्या लसिकाग्रंथी वेगळ्या ठेवणं शहाणपणाचं.

अडीचपर्यंत सगळं सुटं झालं. मांस 200 मीटरवर उत्तरेच्या सावलीत दोरीवर टांगलं, पिशव्या एकमेकींना न लागता. पहाटे पारा 6-7 अंशांवर. एवढ्या गारव्यात माशा उठत नाहीत आणि मांसावर कोरडा पापुद्रा धरतो. हाडं तिथेच काढली, कारण वाट 4 किलोमीटरच्या वर होती. दोनच्या आत असती तर मांड्या अखंड नेल्या असत्या, उघडा पृष्ठभाग कमी राहिला असता.

5:45 ला तिघं निघाले. ओझ्याखाली वेग ताशी दीड किलोमीटर, 8:30 ला गाडी. बर्फपेट्या गाडीबाहेर सावलीतच होत्या. म्हणून पहिला पोहोचलेल्याने दोन मिनिटांत पेटी उघडली. मांस थेट बर्फावर ठेवलं नाही. आधी दहा मिनिटं सावलीत पसरवून, मग कॅनवर पिशव्या. तिसरा माणूस पेट्यांपाशी थांबला, दोघं परत वर गेले, सव्वादहाला पोहोचले, एक वाजता शेवटचं ओझं आणि शिंगं खाली. त्या वेळी दरीत उन्हाचा कडाका होता, पण वर टांगलेल्या दोन पिशव्या सावलीतच राहिल्या होत्या, कारण टांगताना दहा वाजता ऊन कुठे येईल ते होकायंत्र धरून बघितलं होतं.

त्याच दुपारी ईलीत मांस शीतगृहात. तिथे जागा मिळेल का हे निघण्याआधी फोन करून विचारलेलं होतं, हंगामात ती भरलेली असते. हंगामानंतरची माहितीपत्रिका खात्याकडे वेळेत गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या अर्जाला अडचण येते.

कापताना उजव्या मांडीत, खुब्याभोवती, साधारण दीड किलो मांस राखाडी पडलेलं आणि आंबूस वासाचं निघालं. ते टाकावं लागलं. नर पाच तास उजव्या कुशीवर, दिवसभर तापलेल्या जमिनीला टेकून पडला होता, आणि आधी वरची म्हणजे डावी बाजू सोलली गेली. उजवी मांडी उघडी पडायला आणखी सव्वा तास गेला. तीन माणसं हाताशी असताना डावी मांडी आणि फरा सुटताच जनावर लगेच उलटवून उजवा खुबा आधी उघडायला हवा होता. डाव्या बाजूची मान आणि पाठीचा पट्टा मागून काढला असता तरी चाललं असतं, ते पातळ मांस लवकर निवतं.